फलक वाचता येणाऱ्या मुलांसाठी

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे.

विषय : वर्गात शब्दांवरून उठणारे अवघड प्रश्न आणि शिक्षकांची तयारी

महोदय,

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक हे गाव राज्यातल्या कुणाला नव्याने सांगायला नको. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या आज्ञेने छत्रपती संभाजी महाराजांना ठार मारण्यात आले. त्यांची समाधी या गावात आहे, त्यांचे सहकारी कवी कलश यांची आहे आणि गोविंद गोपाळ यांचीही आहे. फाल्गुन अमावास्येला इथे हजारोंची रीघ लागते. भीमेच्या पलीकडे, पेरण्याच्या हद्दीत १८१८च्या कोरेगाव भीमाच्या लढाईचा जयस्तंभ आहे आणि १ जानेवारीला तिथे लाखोंचा समुदाय लोटतो. म्हणजे या पंचक्रोशीतले मूल जोडाक्षरे वाचायला लागले की त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकाच्या आधी फलक येतात. कमानी, फ्लेक्स, स्वागताचे बोर्ड, गाड्यांच्या काचा, घरातल्या मोबाइलवरचे स्टेटस. त्यावर शब्द असतात : धर्मवीर, स्वराज्यरक्षक, बलिदान, शौर्यदिन, मोगल, महार. मूल ते वाचते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करते. ‘बाई, धर्मवीर म्हणायचं की स्वराज्यरक्षक?’ ‘सर, त्यांच्या नावापुढे जात का लिहिली आहे?’ ‘मोगल म्हणजे मुसलमान का?’ त्या वर केलेल्या हाताचे पुढे काय होते, याविषयी हे पत्र आहे.

पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण कायद्यात आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्याचे २९वे कलम अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवणाऱ्या शैक्षणिक प्राधिकरणावर काही जबाबदाऱ्या टाकते आणि आपल्या राज्यात ते काम आपली परिषद पाहते. मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करणे, ही त्यातलीच एक जबाबदारी. भीतीपासून मुक्तता आणि बोलण्याची मोकळीक ही दोन्ही कामे कायद्याने एकाच उपकलमात, एका दमात सांगितली आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण अवघड शब्द आला की शाळेत बहुधा यांपैकी एकाचा बळी देऊन दुसरे साधायचा प्रयत्न होतो. कुणी दुखावू नये म्हणून बोलणेच बंद केले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे : अशा प्रश्नांवर गप्प बसणे हा उपाय नाही आणि कोणते शब्द चालतील, कोणते नाहीत याची यादी वाटणे हाही नाही. शब्द तपासायचा कसा, याची एक साधी पद्धत प्रत्येक शिक्षकाच्या हाती द्यायला हवी आणि ती वापरणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी परिषदेने लेखी उभे राहायला हवे.

शब्दांचे प्रश्न इथे किरकोळ नाहीत, हे या गावाने पाहिले आहे. डिसेंबर २०१७च्या अखेरच्या आठवड्यात गोविंद गोपाळ यांच्या कार्याची माहिती देणारा एक फलक वढूत लागला, तो काढला गेला, समाधीच्या जागी नुकसान झाले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्यानंतर दोन-तीन दिवसांत, १ जानेवारी २०१८ला, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा आणि आसपासच्या गावांत हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, घरे-दुकाने-वाहने जळाली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, हा सरकारने नेमलेल्या न्या. जे. एन. पटेल आयोगापुढचा विषय. तो इथे सोडवायचा नाही. पण फलकावरचा वाद काय होता ते आठवून पाहावे. संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ यांनी की गावच्या शिवले घराण्यातील पूर्वजांनी, हा त्यातला पुराव्याचा भाग. गोविंद गोपाळ यांच्या नावापुढे महार लिहायचे की गायकवाड, ‘केले’ लिहायचे की ‘केले असे मानले जाते’, हा शब्दांचा भाग. ज्या वयात या दोन भागांतला फरक शिकवता येतो, त्या वयात तो शिकवायला शाळाच तेवढी हाती असते. ती गप्प राहिली की शिकवणी बाहेर लागते आणि बाहेरचे शिकवणारे एकच भाग शिकवतात, ज्याला जो सोयीचा तो.

‘हे विषय वर्गात आणूच नयेत’ असे म्हणणाऱ्यांनी शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टर उघडून पाहावे. त्यात प्रत्येक मुलाच्या नावासमोर धर्म आणि जात यांचा रकाना आहे. तो शिक्षकच भरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच जात उतरते आणि तोच दाखला पुढे जातीच्या प्रमाणपत्रासाठी तहसीलपर्यंत जातो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘या मुलींनी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आणा’ म्हणून भर वर्गात नावे वाचली जातात आणि कोणाची नावे वाचली, कोणाची नाही, हे बाकीचा वर्ग निमूटपणे टिपून घेतो. आपली शाळा जात लिहिते, मोजते, पुकारते. फक्त तिच्याविषयी प्रश्न आला की ‘ते अभ्यासक्रमात नाही’ म्हणून खाली बसवते. पाचवीतल्या मुलाला या व्यवहारातून एकच निष्कर्ष काढता येतो : हा शब्द कागदावर लिहायचा असतो, बोलायचा नसतो, म्हणजे त्यात काहीतरी लाजिरवाणे असले पाहिजे. ज्याच्या दाखल्यावर तो शब्द आहे त्याच्यापुरती ती लाज त्याची स्वतःची होते. ज्याच्या दाखल्यावर तो नाही, त्याच्या हाती भांडणात वापरायला एक शस्त्र आयते येते. मौनाला तटस्थ म्हणण्यात अर्थ नाही; ते वर्गात आधीच जड असलेल्या पारड्याच्याच बाजूने झुकते.

दुसरा मार्ग यादीचा. तो सरकारी यंत्रणेला आवडतो, कारण पत्रक काढले की काम झाले असे वाटते. या यादीमागची कारणे मला अमान्य नाहीत. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याला स्वतंत्र मजूर पक्षाने हरकत घेतली; ती मानली गेली नाही तेव्हा डॉ. आंबेडकर आपल्या सदस्यांसह सभागृहाबाहेर पडले. आपल्याला काय म्हणावे हे दुसऱ्याने ठरवू नये, ही ती हरकत होती आणि ती आजही तितकीच रास्त आहे. पण पुढचा प्रवास पाहा. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. ‘दलित’ हा शब्द लोकांनी स्वतः निवडून मिरवला. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशाचा आधार घेत, खासगी वाहिन्यांना त्याऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याचा सल्ला दिला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय चांगला. पण मूल विचारणार : ‘आधी काय नाव होतं? मग बदललं का?’ आणि यादीजवळ या ‘का’चे उत्तर नसते. शब्द बदलला जातो तेव्हा त्यामागे कोणाचा तरी अपमान, कोणाचा तरी झगडा आणि कोणाचा तरी निर्णय असतो. यादी फक्त शेवटचा निर्णय सांगते आणि शिकण्यासारखे जे आहे ते गाळून टाकते. शिवाय यादी बदलते. आज पाठ केलेला योग्य शब्द मूल मोठे होईपर्यंत अयोग्य ठरू शकतो. मग ते काय करणार?

म्हणून पद्धत. ती अवघड नाही आणि तिला वेगळा तासही लागत नाही. कोणताही शब्द फळ्यावर लिहावा आणि चार प्रश्न विचारावेत. हा शब्द कोणी वापरला? कोणासाठी वापरला? केव्हा आणि कसल्या मजकुरात : हुकमात, बखरीत, कायद्यात, फलकावर, की भांडणात? आणि ज्यांच्याविषयी तो आहे ते स्वतःला काय म्हणवतात? सुरुवात कुणाच्याही मनाला लागणार नाही अशा शब्दापासून करावी. वढूच्या मुलांच्या शाळेच्या पाटीवरच असा एक शब्द आहे : बुद्रुक. तो फारसी ‘बुजुर्ग’पासून आला, थोरले गाव ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द, ही जुन्या महसुली दप्तराची भाषा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; तरी बुद्रुक आणि खुर्द गावांना चिकटून राहिले, कारण लोकांच्या तोंडी ते बसले होते. राजाने केलेला शब्दबदल आणि लोकांनी न केलेला शब्दबदल अशा दोन्ही गोष्टी मुलांना स्वतःच्या गावाच्या पाटीवरून कळतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. चार प्रश्नांचा सराव इथे झाला की मग अवघड शब्दाला हात घालावा.

‘महार’ हा शब्द या चार प्रश्नांतून नेऊन पाहू. जुन्या गावगाड्यात तो वतनाचा शब्द आहे : शिवेची साक्ष देणारा, सरकारी निरोप पोचवणारा, गावची पडेल ती कामे ठरलेल्या बलुत्यावर करायला बांधलेला. त्या वतनातली वेठ मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने गेले ते कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या १९५८च्या कायद्याने. याच शब्दाने १९३६ मध्ये मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि तिच्यापुढे आंबेडकरांनी धर्मांतराची भूमिका मांडली. १९४१ मध्ये सैन्यात महार रेजिमेंट उभी राहिली आणि आजही तिचे जवान ते नाव अभिमानाने सांगतात. पेरण्याच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे आहेत. त्या प्रत्ययावरूनच अभ्यासक त्यांतले महार सैनिक ओळखतात आणि सहलीला गेलेली मुले ती नावे स्वतः मोजू शकतात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला ते स्वतःला बौद्ध म्हणवतात. आणि हाच शब्द कुणाला हिणवण्यासाठी चारचौघांत उच्चारला तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. मूल विचारते, ‘सर, ही शिवी आहे का?’ याचे खरे उत्तर असे : कागदात तो एका कामाचा आणि जातीचा उल्लेख आहे, पलटणीत तो मान आहे, भांडणात तो गुन्हा आहे, शब्द तोच, बोलणारा आणि त्याचा हेतू वेगळा. पंधरा मिनिटांत सांगून होणारी ही गोष्ट आहे. ती ऐकलेले मूल फलकावर तो शब्द वाचून गोंधळणार नाही आणि मैदानावर तो कुणाला फेकून मारताना निदान आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक असेल.

संभाजी महाराजांच्या उपाधीचा प्रश्नही असाच सुटतो, म्हणजे सुटत नाही पण उलगडतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात अजित पवार यांनी ‘धर्मवीर’ऐवजी ‘स्वराज्यरक्षक’ म्हणावे असे मत मांडले आणि राज्यभर वाद पेटला. वर्गात शिक्षकाने यांपैकी एक उत्तर दिले की तो एका बाजूचा ठरतो आणि काहीच दिले नाही तर पळपुटा ठरतो. चार प्रश्न विचारले की वाट निघते. महाराजांची स्वतःची संस्कृत राजमुद्रा उपलब्ध आहे. तिच्यात ते आपली ओळख शिवाजीराजांचा पुत्र म्हणून देतात आणि या दोन्ही उपाध्यांपैकी एकही तिच्यात नाही. दोन्ही उपाध्या नंतरच्या माणसांनी आदराने दिल्या. एकीत धर्मासाठी सोसलेल्या यातनांवर भर आहे, दुसरीत नऊ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी लढून राखलेल्या राज्यावर. कोणता भर कोणाला का महत्त्वाचा वाटतो, हे मुलांना विचारावे, लिहायला लावावे. त्या निमित्ताने ‘ठार मारले’, ‘हत्या’, ‘देहदंड’, ‘बलिदान’ या शब्दांकडेही वळता येते : पहिला नुसती घटना सांगतो, दुसरा मारणाऱ्याला दोष देतो, तिसरा मारणाऱ्याच्या दरबाराची भाषा बोलतो, चौथा मरणाऱ्याच्या धैर्याला नमस्कार करतो. महाराजांच्या चारित्र्यावर बखरकारांनी आणि नाटककारांनी उडवलेले शिंतोडे वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे तपासून पुसले, कमल गोखले यांनी तेच काम पुढे नेले. हे त्यांनी ‘कोणी लिहिले, केव्हा लिहिले, का लिहिले’ एवढेच चिकाटीने विचारून केले. मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, हे ध्यानात घेतले की तिच्यातल्या विशेषणांचे वजन आपोआप बदलते. ज्या पद्धतीने वढूच्या समाधीतल्या राजाला न्याय मिळाला, ती वढूच्या मुलांना शिकवायला आपण का कचरावे?

‘मोगल’ हा तिसरा शब्द आणि अलीकडे सर्वांत धारदार झालेला. चौथीत शिवछत्रपती, सातवीत मराठ्यांचा स्वातंत्र्यलढा, शिवाय चित्रपट आणि मालिका. मुलाच्या मनात मोगल म्हणजे शत्रू हे पक्के बसते आणि त्याच बाकावर एखादे मुसलमान मूल बसलेले असते. इथेही कोणासाठी वापरला हा प्रश्न विचारला की धूर निवळतो. मोगल हे एका राजघराण्याचे आणि त्याच्या सत्तेचे नाव आहे. १६६५ मध्ये पुरंदराला वेढा घालून तह करायला लावणारा मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंह हा रजपूत हिंदू होता. शत्रुत्व सत्तेशी होते, सैन्यात माणसे सर्व धर्मांची होती. औरंगजेबाची क्रूरता यामुळे तसूभरही कमी होत नाही. ती स्पष्ट शब्दांत सांगावी. फक्त तिचा हिशेब बाकावरच्या मुलाकडे मागितला जाऊ नये, एवढी काळजी ‘शत्रुत्व सत्तेशी होते’ या एका वाक्याने घेतली जाते.

आता आक्षेप. पहिला : मुले लहान आहेत. मुले लहान आहेत हे खरे, पण फलक लावणारे त्यांचे वय विचारत नाहीत. आणि लहान मुले अवघड शब्दाला भिडू शकत नाहीत, हे पुणे जिल्ह्याने तरी म्हणू नये. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. तिने शीर्षकातच जातींची नावे घेतली आणि आत ‘धर्म’ या शब्दालाच हात घातला : ज्यांना धर्मग्रंथ पाहायचीही बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. ज्या शिक्षकांनी हा प्रश्न विचारू दिला, त्यांच्या नावाने आज आपण विद्यापीठ चालवतो. अर्थात सर्व वयांना सर्व काही नको. चौथीपर्यंत गावाची, आडनावांची, नदीची नावे पुरेत; पाचवीपासून जातिवाचक शब्दांचा इतिहास; आठवीपासून परस्परविरोधी दावे आणि त्यांचे पुरावे. हा क्रम परिषदेने ठरवावा. पण क्रम ठरवणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : अशा चर्चेत ज्या मुलाची जात बोलली जाते, त्याचे काय? पन्नास डोळे एका बाकाकडे वळतात, कुणीतरी खुदकन हसते आणि शिक्षकाचा हेतू कितीही चांगला असो, त्या मुलाचा तो दिवस काळवंडतो. २०१२ मध्ये ‘एनसीईआरटी’च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या, १९४९च्या एका व्यंगचित्रावरून वाद झाला. त्यात नेहरू आणि आंबेडकर यांच्या हातातले चाबूक संसदेत गाजले, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपद सोडले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयावर हल्ला झाला. हल्ल्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण टीकाकारांपैकी काहींनी विचारलेला प्रश्न खरा होता : हे चित्र ज्या वर्गात उघडले जाईल तिथे बसलेल्या एकुलत्या एका दलित विद्यार्थ्याला ते कसे वाटेल? पुस्तक लिहिणाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या बुद्धीवर भरवसा ठेवला. टीकाकारांनी वर्गातल्या वातावरणावर अविश्वास दाखवला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच चित्र काढून टाकल्याने प्रश्न सुटला नाही. सुटायचा असेल तर वर्गाचे वातावरण बदलावे लागेल आणि ते शिक्षकाच्या तयारीतून बदलते. त्यासाठी काही नियम लागतात. ‘तुमच्यात काय म्हणतात रे?’ असे कोणत्याही मुलाला विचारून त्याला जातीचा साक्षीदार करायचे नाही. शब्द फळ्यावर लिहायचा, कुणाकडे पाहून उच्चारायचा नाही. शब्दाविषयी बोलणे आणि शब्द कुणाला उद्देशून वापरणे यांतली रेषा पहिल्याच दिवशी आखून द्यायची आणि ती ओलांडली की चर्चा तिथेच थांबवून, हसण्यावारी न नेता, दखल घ्यायची. वंचितांच्या दुःखाबरोबर त्यांच्या कर्तृत्वाचा पुरावाही त्याच तासात यायला हवा, म्हणजे त्या मुलाला मान खाली घालून घरी जावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो मला पूर्ण मान्य आहे : ‘आम्ही बोलायचे, कुणीतरी मोबाइलवर अर्धे वाक्य टिपायचे, संध्याकाळी शाळेपुढे जमाव आणि आठवड्यात बदली किंवा निलंबन.’ कंत्राटी किंवा शिक्षणसेवक असेल तर त्याच्यापुढे तोही पर्याय नाही. शिक्षक मौन पाळतो ते भेकड म्हणून नव्हे. धोका सगळा त्याच्या एकट्याच्या माथी आणि आधार कुणाचाच नाही, असा हिशेब असताना तो शहाणपणाच करतो. जयस्तंभाच्या आणि समाधीच्या गावात तर प्रत्येक शब्दाचा कुणीतरी वाली आहे. म्हणून ही पद्धत शिक्षकाच्या वैयक्तिक हिमतीवर सोडू नये, तिला परिषदेचा शिक्का हवा. ‘मी मनचे बोललो नाही, हस्तपुस्तिकेतल्या या पानाप्रमाणे शिकवले’ असे त्याला दाखवता आले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धास्तीही पुष्कळांना वाटते. त्या कायद्याचा रोख अपमान करण्यावर आहे, शब्दाचा इतिहास सांगण्यावर नाही, हे विधी विभागाचा सल्ला घेऊन परिषदेने स्वच्छ मराठीत लिहून द्यावे. शिक्षकालाही स्वतःची जात असते, स्वतःचे ग्रह असतात, हाही आक्षेप येईल. ठरलेल्या चार प्रश्नांचा उपयोग त्यासाठीच आहे. ते विचारताना शिक्षकालाही आपल्या मताआधी कागद उघडावा लागतो.

चौथा आक्षेप असा की या पद्धतीने सगळेच दावे सारखे ठरतील आणि मुलांना काहीच खरे वाटेनासे होईल. तसे होणार नाही, जर शब्दाचा प्रश्न आणि पुराव्याचा प्रश्न वेगळे ठेवले. कोणत्या उपाधीने आदर व्यक्त करावा, हा भावनेचा आणि निवडीचा भाग आहे. तिथे मतभेद राहू शकतात. अंत्यसंस्कार कोणी केले, हा घटनेचा भाग आहे. तिथे दाव्याला समकालीन कागद, नंतरची परंपरा, वतनाची नोंद, समाधीची जागा यांपैकी कशाचा आधार आहे हे विचारावे लागते आणि पुरावा अपुरा असेल तर ‘अपुरा आहे’ असेच म्हणावे लागते. आणि एखाद्याला जातीवरून किंवा धर्मावरून हिणवणे ही तर दावा किंवा मत यांपैकी कोणतीच बाब नाही. तिथे घटनेचे आणि शाळेच्या शिस्तीचे उत्तर एकच आहे आणि ते मुलांच्या चर्चेला टाकलेले नाही. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळी उत्तरे असतात, एवढे जरी मूल शाळेतून घेऊन बाहेर पडले तरी पुष्कळ झाले.

या आधारावर परिषदेकडे मागणी अशी. इतिहास आणि मराठीच्या शिक्षक हस्तपुस्तिकांत ‘शब्द तपासताना’ असे एक प्रकरण घालावे. त्यात चार प्रश्न, वयानुसार क्रम, वर्गातले नियम आणि दहा-बारा नमुना पाठ असावेत. त्यांतले काही नमुने या पंचक्रोशीतल्या शिक्षकांकडूनच लिहून घ्यावेत, कारण फलक त्यांच्या दारात आहेत. दरमहा केंद्रावर भरणाऱ्या शिक्षण परिषदेतला एक तास, वर्षातून निदान दोनदा, अशा प्रश्नांच्या सरावाला द्यावा : एकाने मूल व्हावे, दुसऱ्याने शिक्षक, बाकीच्यांनी उत्तर तपासावे. पहिली सुरुवात पुण्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शिरूर, हवेली आणि दौंड या तालुक्यांत करावी. शाळा व्यवस्थापन समितीला या पाठांची आधी कल्पना द्यावी, म्हणजे पालकांना ते मोबाइलवरून कळण्याऐवजी शाळेकडून कळतील. शिष्यवृत्तीसाठी जातीनिहाय नावे वर्गात वाचण्याची पद्धत तत्काळ बंद करून ती कागदपत्रे पालकांकडून कार्यालयात घ्यावीत. याला तर एका ओळीचे पत्रक पुरे. आणि हस्तपुस्तिकेनुसार शिकवलेल्या पाठाबद्दल तक्रार आली तर गटशिक्षणाधिकाऱ्याने आधी पाठ टाचण आणि पान पाहावे, शिक्षकाचे म्हणणे ऐकावे आणि मगच पुढचे पाऊल उचलावे, असा लेखी क्रम घालून द्यावा.

यांपैकी कशालाही नवी इमारत, नवा निधी किंवा नवे पुस्तक लागत नाही. लागते ती वर्षातून काही तासांची तयारी आणि आपल्या सहीचे एक पान. पुढच्या १ जानेवारीला आणि पुढच्या फाल्गुन अमावास्येला या गावांत बंदोबस्त लागेलच. तो गृहखाते पाहील. ज्या मुलांना बारा-पंधरा वर्षांनी त्याच रस्त्यावर उभे राहून फलक लावायचे आहेत, वाचायचे आहेत किंवा काढायचे आहेत, ती आज आपल्या खात्याच्या वर्गांत बसली आहेत. त्यांच्यासाठी काय करणार, हे परिषदेने येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
शालेय शिक्षणाचा एक अभ्यासक